डास पळतात खरे, पण किती वेळ?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एक सल्ला हमखास येतो: डासांच्या मशीनची रिकामी बाटली घ्या, त्यात कडुनिंबाचे तेल आणि कापूर भरा. मी औषधविक्रेता आहे. असा मजकूर आला की पुढचे काही दिवस गल्ल्यावर कापराचीच मागणी असते.

कडुनिंबाचे तेल म्हणजे निंबोळीचे जड तेल, ते सहजी उडत नाही. बाटलीतली वात पातळ द्रवासाठी बनवलेली असते. ती चोंदते, टोकाला काळी पडते आणि मशीन नुसते तापत राहते. कापूर उडतो, हे खरे. पण लहान मुलाने कापूर गिळला तर त्याला आकडी येऊ शकते, आणि ही बाटली नेमकी रांगत्या पोराच्या हाताला लागेल अशा खालच्या प्लगमध्ये असते.

सुगंधी तेलांना माझा विरोध नाही. आमच्या खानदेशात तो शोभणारही नाही; पिंपळनेर-नंदुरबारकडचे रोशा या सुगंधी गवताचे तेल एकेकाळी मुंबईमार्गे परदेशी जात असे आणि तिकडे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरले जाई! त्या गवतातले जिरॅनिऑल हे द्रव्य डासांना नको असते, सिट्रोनेला या दुसऱ्या गवताच्या तेलाचेही तसेच. अडचण वेळेची आहे. ही द्रव्ये हवेत उडतात म्हणूनच डासाला आपला माग लागत नाही, आणि उडतात म्हणूनच तासा-दोन तासांत संपतात. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताआधी. सकाळी सातला पोराच्या हातापायांना तेल चोळून शाळेत धाडले, तर मधल्या सुट्टीपर्यंत त्याचा उपयोग संपलेला असतो. त्याबद्दल पुरवणीत अवाक्षर नसते.

निलगिरीबाबतही पुरवणी अर्धेच सांगते. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था ज्या निलगिरी तेलाची शिफारस करते, ते लिंबाच्या वासाच्या वेगळ्या झाडाचे असते. त्यातही पीएमडी नावाचे डास दूर ठेवणारे द्रव्य प्रक्रियेने वाढवलेले असते, आणि तीन वर्षांखालील मुलांना ते लावू नये असे तीच संस्था सांगते. सर्दीसाठी आमच्याकडून नेता त्या बाटलीत मुख्यतः सिनिओल हे वेगळेच द्रव्य असते. वाफ घ्यायला ती ठीक आहे, पण डासांसाठी तिच्यावर विसंबू नये.

फरशी पुसायच्या पाण्यात सुगंधी तेलाचे थेंब टाकले की जंतू मरतात, हा दावा तर बादलीतच बुडतो. टी ट्री नावाच्या झाडाचे तेल प्रयोगशाळेत बऱ्याच जिवाणूंना रोखते, पण त्यासाठी साधारण अर्धा ते एक टक्का प्रमाण लागते. दहा लिटर पाण्यात दहा थेंब टाकले तर ते जेमतेम ०.००५ टक्के भरते, म्हणजे शंभर-दोनशे पट कमी. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही. फरशी पुसताना बादलीत पाहा, वर तवंग तरंगताना दिसेल. घराला वास छान येतो, एवढेच. असे उपाय छापताना प्रमाण किती, परिणाम किती वेळ आणि कोणत्या वयाखाली वापरू नये, या तीन गोष्टी सोबत द्याव्यात, एवढी विनंती.

खरी काळजी डास पळवणाऱ्या 'हर्बल' अगरबत्तीची आहे. अशा काही अगरबत्त्यांत मान्यता नसलेली डायमेफ्लुथ्रिनसारखी रासायनिक कीटकनाशके सापडली आहेत. पुड्यावर मात्र तुळशीचे पान! कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार अशा मालाची नोंदणी सक्तीची आहे आणि पाकिटावर सीआयआर क्रमांक, म्हणजे त्या नोंदणीचा क्रमांक, असावा लागतो. ग्राहक किंमत बघतो, वास घेऊन बघतो. तो क्रमांक शोधणारा क्वचितच भेटतो. आपल्या वार्ताहराने बाजारात एक फेरी मारून किती पुड्यांवर हा क्रमांक आहे ते छापावे. ते कात्रण मी दुकानात दर्शनी भागात लावीन.

आपला,
एक औषधविक्रेता, धुळे