मावशीला फोन कर

प्रिय चिऊ,

तू पाठवलेला लॅबचा फोटो बाबांनी अख्ख्या बिल्डिंगला दाखवला, आणि माणसाला स्कॅनरमध्ये आडवं झोपवून नळीने मिल्कशेक पाजायचा नि मेंदूत काय हलतं ते बघायचं, यालाही पीएचडी देतात का म्हणून शेजारचे काका विचारत होते. मी म्हटलं देतात, पण नुसता मिल्कशेक पिणाऱ्याला नाही.

पण खरं सांगू, तू सांगितलेलं ते उंदरांचं माझ्या डोक्यातून जातच नाहीये. 2008 सालचं ना ते, ड्यूक युनिव्हर्सिटीचं? गोड चवच कळत नाही असे उंदीर, तरी थोड्या दिवसांत साध्या पाण्यापेक्षा साखरेच्याच पाण्याकडे वळायला लागले, कारण कॅलरी पोटात पोचल्या की मेंदूत डोपामाइन, ते 'परत हवं' वाटायला लावणारं रसायन, वाढतंय. म्हणजे जीभ बिचारी यात नव्हतीच! आणि आपण सगळे जन्मभर मावशीला ऐकवतोय, तोंडावर ताबा नाही म्हणून. परवा साखरपुड्यात मामाने चारचौघांत तिच्या ताटातला गुलाबजाम उचलला, ती हसली खरी पण नंतर धड जेवली नाही गं.

आणि तो माणसांवरचा 2018 चा प्रयोग, फोटो दाखवून खाण्यावर बोली लावायला सांगितलेला. कॅलरी तेवढ्याच, आवडही तेवढीच, तरी पिठूळ-गोड आणि तेलतूप दोन्ही एकत्र असलेल्याला लोक जास्त पैसे मोजायला तयार. अगं मग वडापाव काय वेगळा आहे, मैद्याचा पाव, आत बटाटा, वर बेसन आणि वडा तेलाच्या कढईतून काढलेला. मावशी सकाळी साडेसातची लोकल पकडते, रात्री आठला भांडुपला उतरते तेव्हा पोटात कावळे ओरडत असतात, आणि स्टेशनबाहेर पहिलीच गाडी वडापावची.

म्हणून काय रोज खा असं नाही, तिची शुगर बॉर्डरवर आहे, चालायला तर जायलाच पाहिजे. पण टोमणे मारून कोणाची शुगर उतरलीये?

तर रविवारी तिला फोन कर. मी सांगितलं तर म्हणेल ताई तू माझी बाजू घेतेस. सल्ला अजिबात देऊ नकोस, ते करायला मामा आहे, नुसतं उंदरांचं सांग. आणि गणपतीत येशील तेव्हा मामासमोर परत सांग, जरा मोठ्याने. पेपर-बिपर दाखवू नकोस, तो वाचत नाही.

आई