अंतिम वर्षाच्या प्रकल्पात दुरुस्तीला जागा हवी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पांचे विषय ठरू लागले, की ओळखीतली मुले सल्ल्यासाठी आमच्या घरी डोकावतात. यंदा शेजारच्या मुलीच्या गटाने व्हिडिओ संपादनाच्या एका मुक्त स्रोत (ज्याचा कोड कोणालाही पाहता आणि सुधारता येतो अशा) सॉफ्टवेअरमधल्या जुन्या चुका शोधून दुरुस्त करण्याचा विषय मांडला होता. महाविद्यालयाने तो ‘यात नवीन काय?’ अशा शेऱ्यानिशी परत केला आणि गटाला हजेरी नोंदवण्याचे ॲप दिले. त्याच विभागात असे ॲप याआधी दोनदा होऊन गेले आहे, हे नावीन्याच्या आड आले नाही!

दुरुस्तीला कमी लेखणाऱ्यांसाठी माझाच अनुभव सांगतो. वडिलांनी जपलेली घरगुती मैफलींची स्पूल (ध्वनिफितीची रिळे) निवृत्तीनंतर मी संगणकावर उतरवू लागलो. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टीरिओ, म्हणजे सेकंदाला ५,७६,००० बाइट. तीन स्पूल जोडून पावणेदोन तासांची एक वेव्ह फाइल झाली. मी वापरत असलेल्या मुक्त स्रोत प्रोग्राममध्ये ती ६२ मिनिटांपर्यंत नीट चाले आणि त्यापुढे कर्सर नेला, की थेट पहिल्या तंबोऱ्यावर येऊन थांबे. वेव्ह फाइलची मर्यादा चार जीबीची, म्हणजे या हिशेबाने दोन तासांहून थोडी अधिक, त्यामुळे दोष फाइलचा नव्हता. अकरा संध्याकाळी घालवल्यावर कारण सापडले. प्रोग्रामच्या कोडमध्ये फाइलमधली जागा मोजणारे व्हेरिएबल (संख्या साठवणारा कप्पा) धन-ऋण संख्यांसाठीचे, ३२ बिटांचे होते, त्यात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही, आणि वरच्या वेगाने तो आकडा बरोबर ६२ मिनिटे ८ सेकंदांनी ओलांडला जातो. मग संख्या ऋण होते आणि प्रोग्राम तिला शून्य समजतो. ते व्हेरिएबल ६४ बिटांचे केले. बदल एका शब्दाचा होता.

हात लागलाच आहे तर म्हणून मी कोडच्या त्या फाइलची साफसफाईही केली : टॅबच्या जागी स्पेस घातल्या, कोणी न वापरणारी दोन फंक्शने काढली आणि सगळे मिळून एकच पॅच (कोडमधल्या बदलांचा संच) प्रोग्रामची देखभाल करणाऱ्याकडे पाठवला. तो परत आला. देखभाल करणाऱ्याने कळवले होते, की साफसफाई वेगळी पाठवा, दुरुस्ती वेगळी पाठवा आणि दुरुस्तीबरोबर चाचणी जोडा. तेव्हा राग आला, पण म्हणणे रास्त होते. पुढे काही बिघडले, तर कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या बायसेक्ट सोयीने हजार बदलांतला दोषी बदल साधारण दहा तपासण्यांत सापडतो. मात्र सापडलेल्या बदलात इंडेंटेशनच्या (ओळीआधीच्या मोकळ्या जागेच्या) सहाशे ओळी आणि खरी एकच ओळ असेल, तर त्या सापडण्याचा उपयोग काय? ध्वनी आणि व्हिडिओच्या फाइली उलगडणाऱ्या एफएफएमपेग या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरच्या नियमांतही वरवरचे बदल वेगळ्या पॅचमध्ये ठेवण्याची सूचना आहे. चाचणीसाठी दोन जीबीची फाइल कोणी सांभाळणार नाही, म्हणून शांततेची फाइल चाचणीच्या वेळीच तयार करून नंतर पुसणारा कोड लिहिला. पॅच स्वीकारला जायला सात आठवडे लागले. नोकरीतल्या कोणत्याही प्रशिक्षणात मी यापेक्षा अधिक शिकलो असेन, असे वाटत नाही.

अशा मुक्त स्रोत सॉफ्टवेअरवर किती भार आहे, याची कल्पना सामान्य वाचकाला नसते. फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेले एफएफएमपेग आज असंख्य प्लेअर, ॲप आणि व्हिडिओ संकेतस्थळांच्या पोटात आहे. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडणे हेच त्याचे काम, त्यामुळे इथली छोटी चूक सुरक्षेचे भोक ठरू शकते. गूगलच्या अभियंत्यांनी मुद्दाम बिघडवलेल्या फाइली दोन वर्षे त्याच्यावर सोडल्या, त्यातून हजारावर दुरुस्त्या झाल्याचे त्यांनी २०१४ मध्ये जाहीर केले. २०२३ मध्ये वेबपी या प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या लायब्ररीतल्या (तयार कोडच्या संचातल्या) एका दोषामुळे जगभरच्या ब्राउझरना घाईने सुधारित आवृत्त्या काढाव्या लागल्या.

गुणांसाठी मुले क्षुल्लक पॅच पाठवतील, ही शंका मात्र खरी आहे. मुक्त स्रोत प्रकल्पांना बदल पाठवण्याच्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० मध्ये टी-शर्टच्या आशेने निरर्थक बदलांचा पूर आला आणि आयोजकांना नियम बदलावे लागले. त्या पुरात आपली मुलेही होती, हे कबूल केले पाहिजे. म्हणून पॅचच्या संख्येवर गुण देऊ नयेत. चूक हमखास पुन्हा घडवून दाखवता आली का, कारण कोडमध्ये बोट ठेवून सांगता आले का आणि चाचणी लिहिली का, हे परीक्षकांनी पाहावे. पॅच परीक्षेपूर्वी स्वीकारला गेलाच पाहिजे, अशी अट नसावी, कारण तपासणारे बहुधा फावल्या वेळात, विनामोबदला काम करतात. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने अशा प्रकल्पांना येत्या वर्षापासून रीतसर मान्यता द्यावी, ही विनंती.

त्या मुलीने निवडलेली चूक तर आपल्याच भाषेची होती. उपशीर्षकाची मराठी ओळ लांब झाली, की ते सॉफ्टवेअर ती कुठेही मोडते आणि अक्षर वरच्या ओळीत राहून त्याचा काना खालच्या ओळीत एकटा पडतो. परदेशात बसून कोड लिहिणाऱ्याला हे खटकणार तरी कसे? हजेरीच्या ॲपमधून सवड मिळेल त्या रविवारी ती ही चूक घेऊन आमच्याकडे येते.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे