ईराशी मराठीत बोल

धारवाड

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, सध्या मी बाळाशी, ईराशी, जर्मनच बोलते. दोन भाषांनी तिचा गोंधळ होईल असं इथे सगळे म्हणतात." मी विषय बदलला. काय बोलावं ते सुचेना. हेच वाक्य मी 1991 साली ऐकलं होतं, तुझ्याबद्दल.

तू तेव्हा पावणेदोन वर्षांची होतीस. घरात सगळ्यांची कानडी, एकट्या माझी मराठी. तू मोजकंच बोलायचीस. एका डॉक्टरांनी सांगितलं, एकच भाषा ठेवा, नाहीतर पोर मागे पडेल. मी ऐकलं. चार महिने तुझ्याशी मोडक्यातोडक्या कानडीत बोलले. "हालु कुडी" (दूध पी), "इल्लि बा" (इकडे ये) यापुढे गाडी जायची नाही. सांगण्या-दटावण्यापुरती कानडी मला आली होती, लाड करण्यापुरती नव्हती. तू रडलीस की कुशीत घ्यायचे, पण तोंडातून शब्द फुटायचा नाही. रात्री नुसती थोपटत बसायचे. ते चार महिने मला अजून टोचतात.

मग कोल्हापूरहून माझी आई आली. तू दारातच तिला "आजी" म्हणालीस. लगेच आत पळालीस आणि "अज्जी, अज्जी" करत अप्पांच्या आईला पदराला धरून बाहेर आणलंस. एकीचा 'आ' लांब, दुसरीचा 'ज्ज' ठसठशीत. एकदाही चुकली नाहीस. गोंधळ तुझा नव्हताच गं, आम्हा मोठ्यांचा होता. त्या रात्री मी हिशेबाच्या वहीत तुझे शब्द लिहून काढले. दूध, हालु. पाणी, नीरु. नको, बेडा. नुसते मराठी मोजले तर थोडे, नुसते कानडी मोजले तरी थोडे. दोन्ही मिळून पान भरलं. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा माझ्या भाषेत बोलू लागले.

तेव्हा माझ्याकडे त्या एका पानाखेरीज पुरावा नव्हता. तुझ्या फोननंतर मात्र मी आठवडाभर वाचतेय. अशा मुलांचे दोन्ही भाषांतले शब्द एकत्र धरले तर ती मागे नसतात, हे अभ्यासकांनाही दिसलंय. आणि हे सगळं जन्माआधीच सुरू होतं. 2010 साली कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या संशोधकांनी नुकत्याच जन्मलेल्या बाळांच्या तोंडात चोखणी दिली आणि कोणती भाषा ऐकताना ती जोरात चोखतात ते मोजलं. ज्यांच्या आया फक्त इंग्रजी बोलत, त्या बाळांची ओढ इंग्रजीकडे होती. ज्यांच्या आया गरोदरपणात इंग्रजी आणि फिलिपिन्सची तागालोग अशा दोन्ही बोलत, त्यांना दोन्हींत रस होता, आणि तरी या दोन वेगळ्या भाषा आहेत हेही त्यांना कळत होतं. तुला सातवा लागल्यापासून रोज संध्याकाळी आपण तासभर फोनवर बोलायचो, आठवतं? ईरा ते ऐकत होती. मराठी तिला परकी नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते सांगते. 'ताट' म्हणून बघ. 'त'ला जीभ दातांना लागते, 'ट'ला मागे वळून टाळूला. आपल्याला हे दोन आवाज दिवस-रात्रीइतके वेगळे वाटतात. जर्मनमध्ये हा भेद नाही, इंग्रजीतही नाही. कॅनडातल्याच दोन संशोधकांनी 1984 साली दाखवलं की इंग्रजी घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला हा फरक ऐकू येतो, पण दहा-बारा महिन्यांची होईपर्यंत तो बहुतेकांच्या कानातून निसटतो. ऐकण्यात येतच नाही, मग कान ते सोडून देतो. ईरा आज सात महिन्यांची आहे. 'वाट' आणि 'वात', 'पाट' आणि 'पात' तिला आत्ता वेगळे ऐकू येत असणार. पुढे शिकता येणारच नाही असं नाही, पण आत्ता जे फुकट मिळतंय त्यासाठी मग घाम गाळावा लागेल.

तू म्हणशील, मराठीसाठी तू आहेसच की व्हिडिओ कॉलवर. मी आहे, आणि रोज येईन. पण 2003 सालचा एक प्रयोग वाचला. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर बसून माणसं चिनी बोलली, खेळली, तेव्हा बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली. तीच माणसं टीव्हीवर दाखवली, तर काहीच शिकली नाहीत. फोनवरची आजी टीव्हीसारखी नसते, ती तिच्या हुंकाराला उत्तर देते. तरी तिला अंघोळ घालणारे, भरवणारे हात तुझे आहेत. मराठी त्या हातांबरोबरच यायला हवी.

योनासने जर्मन बोलावं, तेही भरपूर. ती तिच्या बापाची भाषा आहे, तीही तिच्या हक्काची. पाळणाघरात गेली की जर्मन वरचढ होईल, तुला जर्मनमध्ये उत्तरं देईल. देऊ दे. तू मराठी सोडू नकोस. आणि बोलणं खरंच लांबलं, तर कान तपासून घ्या, तज्ज्ञांना दाखवा, तिथे हयगय नको. पण मराठी बंद करणं हा त्यावरचा इलाज नव्हे, एवढं माझं ऐक.

परवा कॉलवर तू तिला भरवत होतीस, तेव्हा ती चमच्याकडे बघतच नव्हती. तुझ्या ओठांकडे टक लावून होती. दोन भाषांच्या घरातली बाळं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जास्त बघतात म्हणे. तू त्या वेळी काहीच बोलत नव्हतीस.

तुझी चांदीची वाटी कुरिअरने पाठवतेय, तुझ्या बारशाला कोल्हापूरच्या आजीने दिलेली. काठाला पोचा आलाय, तो तू आपटून आपटून पाडलेला. तिला मऊ भात त्यातूनच दे, आणि देताना "वाटी" म्हण. सावकाश, तिला दिसेल असं.

योनासला आशीर्वाद, ईराला गोड पापा.

तुझी,
आई