सर, तुम्ही त्याला झडती म्हणायला दिली

आदरणीय सर,

तुमची बदली झाली तेव्हा निरोपाच्या गर्दीत बोलणं झालंच नाही. म्हणून सगळ्यांसमोर हे पत्र.

माझा मुलगा तिसरीत तुमच्या वर्गात आला तेव्हा हजेरीला 'हजर' म्हणायचा नाही, नुसता हात वर करायचा. 'ह'वरच अडकायचा. पोट्टे 'तोतऱ्या' म्हणत. गावात ज्याच्या-त्याच्याकडे उपाय. कोणी म्हणे वेखंड चाटवा, कोणी म्हणे, "अवो, मोठा झाला का होते नीट." तुम्ही मात्र सगळ्या वर्गाला मिस्टर बीन दाखवला. परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावतो, तो भाग.

पोरं हसून दमल्यावर तुम्ही सांगितलं, की बीनचं काम करणारा हा रोवन अ‍ॅटकिन्सन स्वतः बोलताना अडखळतो. विजेचं इंजिनिअरिंग शिकायला न्यूकॅसलला गेला, पुढे ऑक्सफर्डला, आणि तिथे नाटकात रमला. दुसऱ्या कोणाचं सोंग घेतलं की त्याचं अडखळणं कमी होतं, असं तोच सांगतो. बीन तर बोलतो तेच मोजकं. १९८७ मध्ये माँट्रियलच्या विनोद महोत्सवात तो हट्टाने फ्रेंच लोकांच्या कार्यक्रमात उभा राहिला, आपली भाषा न कळणारे हसतात का ते बघायला. १ जानेवारी १९९० ला मालिका आली. भाग जेमतेम १५, पण आमच्या दारव्हा तालुक्यातल्या पोरांनाही तो आपलाच वाटतो.

हे सगळं मला माझ्या मुलानेच सांगितलं. अडखळत, पण शेवटपर्यंत. मी भाकरी थापायची थांबले होते.

मग तान्हा पोळा आला. बाकीची पोरं लाकडी नंदी सजवत होती आणि तुम्ही याला धोतर नेसवलं, काजळाच्या मिशा काढल्या, हातात काठी दिली. म्हणालात, "तू बोलू नको, तुझ्या आबाजीला बोलू दे." त्याने आबाजीसारखी मान हलवली, खाकरला, आणि तालात अख्खी झडती, म्हणजे पोळ्याला म्हणतात ते गाणं, म्हटली. 'एक नमन गौरा पार्वती, हरबोला हर हर महादेव!' एकही 'ह' अडला नाही. मारुतीच्या पारावर बसलेले आबाजी उठून उभे राहिले.

तो अजूनही अडखळतो. तसं होईल हे तुम्ही आधीच सांगितलं होतं, आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात वाचा-उपचाराला न्या म्हणून मागेही लागला होतात. पण सर, सगळ्यात मोठे उपकार वेगळेच. त्याचं वाक्य तोंडातून काढून घेऊन कोणी पुरं करायचं नाही, हा नियम तुम्ही वर्गात लावला. आता घरातही तोच चालतो. पाहुणे घाई करू लागले की त्याची लहान बहीणच म्हणते, "थांबा ना, सांगून राहिला तो."

तुमच्या नव्या शाळेत असं लेकरू असेल तर त्याच्या आईला माझा नंबर द्या. मी बोलीन तिच्याशी.

तुमच्या जुन्या शाळेतली,
एक आई