नांगर टाकला म्हणून झोपायचं नसतं

न्यूकॅसल, ऑस्ट्रेलिया

ती. आई-बाबांस
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर मी ‘नांगर टाकलाय’ म्हटलं आणि आई, तू लगेच म्हणालीस, ‘चला, बोट उभी राहिली. आता निवांत झोप.’ मला हसू आलं, तेवढ्यात रेंज गेली. आता धक्क्याला लागलोय, कोळसा भरणं चाललंय, तासभर हाताशी आहे. बाबांना मोबाइलवरचं बारीक अक्षर लागत नाही म्हणून कागदावर लिहितेय.

चीफ मेट, म्हणजे कॅप्टनच्या खालची अधिकारी, झाल्यावरचा माझा हा पहिला नांगर. कॅप्टन वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, आणि जहाजाच्या पुढच्या टोकाला मी, बोसन (खलाशांचा मुकादम) आणि दोन खलाशी. बाबा, आमचं जहाज 225 मीटर लांब. तुमच्या वीस एसट्या एकामागे एक लावा, तेवढं. नांगर दहा टनांच्या आसपास. रिकामं असलं तरी पोटात तोल राखायला भरलेल्या बॅलास्टच्या पाण्यासकट जहाज तीस हजार टनांच्या वर. दहा टनांचं लोखंड त्याला धरणार कसं?

तर नांगर एकटा धरतच नाही. खरं काम साखळीचं. ती शॅकलमध्ये मोजतात. एक शॅकल 27.5 मीटर, आणि आमच्या साखळीचं तेवढ्याचंच वजन चार टनांच्या घरात. पस्तीस मीटर पाण्यात आम्ही सात शॅकल सोडले. म्हणजे दहा टनांचा नांगर आणि अठ्ठावीस टनांची साखळी! तिचा बराच भाग तळावर आडवा पडून राहतो. वारा जहाजाला ओढतो तेव्हा आधी ती पडलेली साखळी उचलली जाते. नांगरापर्यंत पोचते ती आडवी ओढ, आणि तिने त्याचे फाळ आणखी रुततात. साखळी आखूड सोडली की ओढ वरच्या बाजूला लागते आणि नांगर मुळ्यासारखा उपटून येतो.

वरून ‘लेट गो’, म्हणजे ‘सोडा’, आलं, बोसनने साखळीचा ब्रेक सोडला आणि जो खडखडाट झाला! गंजाचा तांबडा धुरळा, तोंडात मातीची चव, ब्रेकच्या पट्ट्याचा जळका वास. बाबा, कुंभार्ली उतरल्यावर तुमच्या गाडीला यायचा ना, अगदी तोच. जहाज तेव्हा जरासं मागे सरकत असावं लागतं, नाहीतर साखळीचा नांगरावरच ढीग पडतो. शॅकलच्या जोडाजवळच्या कड्या पांढऱ्या रंगवलेल्या असतात, त्या मोजत मी वर सांगत होते: ‘चार पाण्यात, साखळी एक वाजता, ताणलेली.’ घड्याळाचे काटे धरून दिशा सांगायची. सात सोडून ब्रेक आवळला. साखळी ताणत ताणत लांबवर पाण्याबाहेर आली, थरथरली आणि मग हळूच सैल पडली. तेव्हा समजायचं, नांगर लागला. मी तरी साखळीवर बूट टेकवून पाहिलं. नांगर घसरत असेल तर आतून गुरगुर जाणवते.

आता झोपेचं. उभ्या जहाजावरही चोवीस तास पहारा असतो. वारा फिरला की जहाज नांगराभोवती फिरतं, आणि ते ठरलेल्या वर्तुळातच आहे ना हे बघत बसायचं. याच बंदराबाहेर 8 जून 2007 ला मोठं वादळ झालं. कोळशाच्या रांगेत पन्नासहून जास्त जहाजं नांगरून होती. त्यातलं ‘पाशा बल्कर’, लांबीला आमच्याएवढंच, नॉबीज बीचवर जाऊन बसलं. बावीसही माणसं हेलिकॉप्टरने सुखरूप काढली. जहाज निघालं 2 जुलैला. चौकशीत दिसलं ते असं, की नांगर घसरायला लागेपर्यंत तो उचललाच नव्हता. काल संध्याकाळी त्या किनाऱ्याकडे बघत आत आलो. तिथे कुत्री फिरवणारी माणसं होती.

धक्क्यावरचं काम वेगळं, ते आईला जास्त कळेल. चौदा दोर लावलेत: काही पुढे, काही मागे, काही आडवे, आणि काही उलट्या दिशेने तिरके. हे तिरके, स्प्रिंग म्हणतात त्यांना, जहाजाला पुढे-मागे सरकू देत नाहीत. वासराचं दावं आखूड झालं की फास बसतो आणि लांब ठेवलं की शेजारच्या पेंढ्यात तोंड, असं तू म्हणायचीस ना, तसंच. कोळसा पडेल तसं जहाज सहा-सात मीटर खाली बसणार, दोर ढिले पडणार. भरती आली की पुन्हा ताणणार. रात्रभर कुणीतरी विंचपाशी, म्हणजे दोर ओढायच्या यंत्रापाशी, आवळतंय, सोडतंय. आणि हो, प्रत्येक दोरावर पत्र्याची गोल ताटली अडकवलीय, उंदीर चढू नयेत म्हणून. माळ्यावरच्या कणगीला अशी लावता आली तर बघा.

(पुढच्या चार ओळी आईने सोडाव्यात. बाबा, कॅडेट असताना एका बंदरात नायलॉनचा दोर तुटला होता, ते तेव्हा सांगितलं नाही. ताणलेला दोर तुटला की रबरासारखा उलट फिरतो. बोसनने कॉलर धरून मला मागे खेचलं होतं. आता मी पोरांना तशीच खेचते, शिव्याही त्याच्याच.)

परवा दुपारी निघू. पुढचे बारा-तेरा दिवस फोन लागेलच असं नाही. आणि आई, वादळाची बातमी असताना मी ‘नांगर उचलला’ असं कळवलं, तर घाबरू नकोस. खोल समुद्रात जहाजाला वळायला जागा असते. त्या रात्री तू निवांत झोप. बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपायच्या आत आणा.

तुमची,
ताई