एका खिळ्याची परवानगी

लातूर,
१२ मे २०२६

प्रिय गड्या,

तुझा फोन आला तेव्हा मी गंजगोलाईत एका किराणा दुकानासमोर रिकाम्या खोक्यांचा भाव करत उभा होतो. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि त्या वेळी सोळाही रस्त्यांवरनं हॉर्न वाजत होते. "तयारी कुठवर आली?" एवढंच ऐकू आलं, मी "चाललीय" म्हणलं आणि ठेवून दिला. राग मानू नको. आत्ता रात्रीचे साडेअकरा झालेत, सगळे गच्चीवर झोपलेत आणि मी खोक्यांच्या मधी चटईपुरती जागा करून बसलोय. जालन्यात बसून तू चार बदल्या पचवल्यास, तुला ह्यात नवं काही नाही. आमचं मात्र अकरा वर्षांनी घर हलतंय.

२५ तारखेला संभाजीनगरला हजर व्हायचंय. सामान २४ ला, रविवारी. ही तारीख ठरायलाच आठवडा गेला, कारण मधी धोंडा आडवा आला. १७ तारखेपासून अधिक ज्येष्ठ लागतोय, आणि धोंड्याच्या महिन्यात नव्या घरात पाऊल टाकायचं नाही असा सासूबाईंचा फोन. म्हणलं, मग ऑफिसात अर्ज देऊ का, अधिक मासामुळं हजर होता येत नाही म्हणून? शेवटी तोड निघाली. परवा रविवारी आम्ही सगळे जाऊन आलो. पाण्याचा कलश, मीठ, नवा फडा आणि देवाचा फोटो ठेवला, शेगडीवर दूध उतू घालवलं, परत आलो. गृहप्रवेश झाला. आता धोंड्यात जाणार ते नुसतं सामान, आणि सामानाला महिना लागत नाही हा निकालही सासूबाईंनीच दिला. जावई म्हणून धोंडे खायला बोलावणं होतं, ते तेवढं बुडालं.

त्याच दिवशी कराराचं उरकलं. मालक म्हणत होते, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहू, नोटरी करू, झालं. मी म्हणलं नाही, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करायचा आणि नोंदवूनच. मला पत्त्याचा पुरावा लागतो, गॅसला लागतो, पोरीच्या शाळेला लागतो. मालक कुरकुरले. मग त्यांना सांगितलं की १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार नोंदवायची जबाबदारी मालकावर टाकलीय, आणि नोंदवला नाही तर वाद झाल्यावर, उलटं सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्याच अटी धरतात. हे ऐकल्यावर त्यांनीच माणूस बोलावला. तो अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला, दोघांचे अंगठे, फोटो, वीस मिनिटांत काम. फक्त मालकांनी एक अट तोंडी घातली: नुकताच रंग दिलाय, भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. मी हो म्हणून गेलो. ह्या अटीकडं मी नंतर येतो.

टेम्पोचा एक किस्सा सांगतो. आधी एका पॅकर्सवाल्याला बोलावलं होतं. फोनवर गोड बोलला, फोटो मागवले, आकडा दिला. मग त्याचा माणूस घरी आला आणि त्यानं आतल्या खोलीत ज्वारी बघितली. तुला माहीतच आहे, शेत बटईनं दिलंय, वाट्याची ज्वारी आणि तूर गावाकडनं येते. कडुनिंबाचा पाला घालून चार पोती थप्पीला लावलेली. तो म्हणाला, धान्य आमच्या नियमात बसत नाही, बसवायचं तर रेट बदलेल. बदलला तो जवळजवळ दुप्पट. मी त्याला चहा पाजून वाटेला लावला आणि मार्केट यार्डात गेलो. तिथं तूर-सोयाबीन वाहणारा आयशरवाला भेटला. त्यानं ना फोटो मागितले ना यादी. "वजन किती?" एवढंच विचारलं. बारा हजार, हमाल वेगळे. पोत्यांचं सांगितल्यावर म्हणतो, "पोती हायत हे बरंय साहेब, खाली पोती असल्यावर गाडी उड्या मारत न्हाई." केजवरनं मांजरसुंब्याला बाहेर पडायचं, पुढं बीड, गेवराई. पहाटे चारला निघालं तर ऊन चढायच्या आत गोदावरी ओलांडू म्हणतो.

मे महिन्यात घर हलवणं म्हणजे काय ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या वहिनीच्या कुरडया अजून गच्चीवर वाळतायत. लोणचं परवाच घातलंय, बरणी काठोकाठ, तिला दादरा बांधून मांडीवर घेऊन जायची असं ठरलंय, कुणाच्या मांडीवर ते ठरायचंय. कूलर तर शेवटच्या रात्रीपर्यंत काढता येत नाही. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ उतरवायचा, गाडीत उभाच न्यायचा आणि तिकडं गेल्यावर चार-पाच तास लावायचा नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीचंही तसंच, आडवी पडली की ॲसिड बाहेर. ही सगळी माहिती आयशरवाल्याची. मी फक्त वहीत उतरवून घेतो.

पिंपांवरनं घरात भांडण झालं. आपल्याकडं दोनशे लिटरची निळी तीन पिंपं आहेत, तू बघितलीस. २०१६ ची. त्या मार्चात इथं पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं होतं आणि १२ एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' ही पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर घेऊन. तेव्हा नवरा-बायको भांडत नव्हते, पिंपांसाठी गल्ली भांडत होती. आता तुझी वहिनी म्हणते, विकून टाका, नव्या घरी गच्चीवर टाकी आहे. मी मालकांना फोन करून विचारलं, पाणी किती दिवसांनी? म्हणाले, आमच्या भागात पाचव्या दिवशी, कधी सहाव्या. म्हणजे पैठणचा नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर आणि नळ आपला लातूरसारखाच. पिंपं चालली. रिकामी नाही, एकात अंथरुणं, एकात भांडी, तिसऱ्यात काय आहे ते खाली लिहितो.

खरं तर हे पत्र मायसाठी लिहायला घेतलंय. मला वाटलं होतं सगळ्यात जड तीच जाईल. म्हातारं माणूस, प्रत्येक वाटीला आठवण चिकटलेली, हे टाकू नको, ते टाकू नको. झालं उलटंच. पहिल्याच दिवशी ती फडकं डोक्याला बांधून माळ्याखाली उभी राहिली आणि मी वरनं एकेक वस्तू दिली की "दे", "ठेव", "फेक" एवढ्या तीन शब्दांत निकाल. घंगाळ दे. तुटकी बाज फेक. दुरड्या, सूप ठेव. माझ्या हातात एखादी वस्तू घुटमळली की खालनं आवाज, "काय बगूलालास? लवकर टाक खाली." बापूंचा रेडिओ तिनं भंगारवाल्याच्या हातगाडीवर स्वतः नेऊन ठेवला. मी मागं धावलो. ती म्हणाली, "वाजतोय का?" वाजत नव्हता.

जात्यावर मात्र मी अडून बसलो. आमच्या जुन्या गावातलं ते एकच भांडं म्हण, वस्तू म्हण, शिल्लक आहे. तुला तेरणाकाठचं आमचं गाव मी कधी दाखवलं नाही, दाखवण्यासारखं राहिलंच नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले, आणि पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीचा भूकंप झाला. मी नऊ वर्षांचा. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर मातीचं माळवद. आजी त्यात गेली. नंतर मलबा उकरला तेव्हा जातं जसंच्या तसं निघालं, खुंटासकट. पत्र्याच्या शेडात ते होतं, मग सरकारनं बावन्न गावं नव्या जागी वसवली, त्यात आम्हाला चारशे चौरस फुटांचं घर मिळालं, तिथं होतं. तिथनं लातूरला आलं. मी म्हणलं, माये, एवढं तरी नेऊ.

ती पोत्यावर बसून तुरीची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दगड हुता म्हणून वाचलं. भितीबी दगडाच्याच हुत्या." मग जरा वेळानं, "गल्लीतच ऱ्हाऊ दे. लग्नाला हळदीचं दळाय लागतंय. तितं कोण दळणाराय?" काल खालच्या मावशींच्या अंगणात दोघा पोरांनी उचलून ठेवलं. मायनं त्यावर पाण्याचा हात फिरवला, पुसलं, आणि वर येऊन भाकरी थापायला बसली. मला रात्रभर झोप नाही. तिच्या घोरण्याचा आवाज येत होता.

आता तिसरं पिंप. माळ्यावर मागच्या कोपऱ्यात आपला हॉस्टेलचा पंपाचा स्टोव्ह सापडला. तोच, ज्याची पिन तू हरवली होतीस आणि खिचडी अर्धी कच्ची खाल्ली होती. मायनं बघितला असता तर विचारलं असतं, रॉकेल मिळतंय का आता कुठं? म्हणून मी तो चादरीत गुंडाळून पिंपाच्या तळाशी घातलाय, वर पोरीची जुनी पुस्तकं, त्यावर उशा. हे तुझ्या वहिनीलाही माहीत नाही. पत्र वाचून फाड.

कागदांची गंमत ऐक. पोरीचा दाखला काढायला शाळेत गेलो, ती सातवी पास झाली. आठवीपर्यंत दाखला अडवता येत नाही, तसं शिक्षण हक्काच्या कायद्यातच आहे, आणि इथं कुणी अडवलाही नाही, पण जन्मदाखल्याची मूळ प्रत बघायला मागितली. गॅसवाल्याकडं गेलो, दुसऱ्या गावी जायचं तर सिलेंडर आणि रेग्युलेटर जमा करायचा, डिपॉझिट परत, ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचं, शेगडी आपली आपल्याकडं. त्यासाठी कनेक्शन घेतानाची मूळ पावती पाहिजे. घरी येऊन मी कपाट उलथंपालथं केलं, फायली जमिनीवर पसरल्या, बायकोवर ओरडलो. माय उठली, दारामागच्या खिळ्यावरची पिशवी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

ही पिशवी तूही बघितली असशील. खताच्या पोत्याची शिवलेली, पिवळी. अकरा वर्षं त्या खिळ्यावर आहे आणि मी तिला दळणाची पिशवी समजत होतो. आत प्लॅस्टिकच्या कागदात एकेक गुंडाळी: रेशनकार्ड, सातबारा, भूकंपानंतर मिळालेल्या घराच्या ताब्याचा कागद, बापूंचा मृत्यूचा दाखला, माझी दहावीची गुणपत्रिका जी मी हरवली असं समजून दुसरी काढली होती, पोरीचा जन्मदाखला, गॅसची पावती. एक बॅटरी, तिचे सेल वेगळे, म्हणजे गंजू नयेत. काड्यापेटी. रुमालात बांधलेले अठराशे रुपये, त्यात बंद झालेली पाचशेची एक जुनी नोट. भूकंपाच्या वेळी घरातले सगळे कागद मातीत गेले होते, आणि घराच्या यादीत नाव लागावं म्हणून बापूंनी किती चकरा मारल्या ते मला अंधुक आठवतं. ती बाई तेहतीस वर्षं जिथं राहिली तिथं, शेडात, चारशे फुटांत, ह्या घरात, ही पिशवी दाराच्या खिळ्याला लावून झोपली. माझी एवढ्या दिवसांची तयारी वहीत, तिची खिळ्यावर.

परवा नवं घर दाखवलं तेव्हा तुझी वहिनी ओटा बघत होती, पोरगी बाल्कनी. मायनं दार आतून लावलं, त्याच्या मागच्या भिंतीवरनं हात फिरवला आणि म्हणाली, "हितं खिळा न्हाई." दुसरं काही नाही. मी मालकांना काल फोन केला. आधी म्हणाले, स्टिकरवाला हुक लावा. म्हणलं, वजन आहे, पडेल, आणि माय ते मानायची नाही. कशासाठी पाहिजे ते थोडक्यात सांगितलं. गप्प झाले जरा वेळ. मग म्हणाले, एक ठोका, दारामागंच, रंगाचं मी बघतो.

पण भिंत काँक्रीटची आहे, साधा खिळा वाकतोय. म्हणून २४ ला जालन्याहून निघताना तुझं ड्रिल मशीन घेऊन ये, सहाचं बिट आणि एक चांगला जाड स्क्रू. हमाल आहेत, खोकी तू उचलायची नाहीत. टेम्पो दहा-साडेदहाला पोचेल, आम्ही गाडीनं त्याच्या थोडं आधी. जमलं तर आमच्याही आधी पोच, चावी खालच्या दुकानात ठेवायला सांगितलीय. लोणच्याच्या बरणीला अजून मांडी मिळालेली नाही, पण मायच्या मांडीवर ती पिशवी असणार हे नक्की, आणि खिळा लागेपर्यंत ती खाली ठेवायची नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
रूम नंबर बारावाला