कर्ता शोधणारा वर्ग

परळ, मुंबई
दि. १७ ऑगस्ट

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळून पंधरा दिवस होऊन गेले. घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासण्यात हे दिवस गेले, म्हणून उत्तराला उशीर झाला. यंदा आठवीचे इंग्रजी आणि इतिहास हे दोन्ही विषय तुझ्याकडे आले आहेत आणि रोज वर्गात नेमके काय करून घ्यावे, असे तू विचारले आहेस. माझ्याकडेही हेच दोन विषय आहेत आणि वेळापत्रकात ते बहुतेक दिवशी एकापाठोपाठ येतात. सुरुवातीची काही वर्षे मी दोन्ही तासांना प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून देत असे आणि मुले ती वहीत उतरवून घेत. वह्या सुंदर दिसत, गुणही बरे मिळत. पण ‘हे कोणी केले आणि का केले’ असे विचारले की वर्ग गप्प होई. तो दोष मुलांचा नव्हता, माझ्या शिकवण्याचा होता, हे समजायला मला फार वेळ लागला.

आता इंग्रजीचा तास मी मुलांनी आणलेल्या वाक्यांनी सुरू करतो. रोज पाच मुलांनी रस्त्यावर, दुकानाच्या पाटीवर किंवा लोकलमध्ये ऐकलेले-पाहिलेले एक इंग्रजी वाक्य फळ्यावर लिहायचे, एवढाच नियम आहे. लोकलमधली सूचना तर सर्वांच्या कानांत बसलेली असते: ‘पुढील स्टेशन परळ, अगला स्टेशन परेल, नेक्स्ट स्टेशन परेल.’ एका मुलीने ती लिहिली, तेव्हा मी विचारले की यात क्रियापद कुठे आहे. बराच वेळ चर्चा झाल्यावर ‘द नेक्स्ट स्टेशन इज परेल’ हे पूर्ण वाक्य तयार झाले आणि त्यातील ‘द’ कशासाठी लागतो, यावर निम्मा तास गेला. मराठीत असे उपपदच नाही, त्यामुळे आपल्या मुलांना ते अनावश्यक वाटते आणि एक तर ती ते गाळतात किंवा भीतीपोटी प्रत्येक नामापुढे लावतात. नियम पाठ करून घेण्यापेक्षा रोजच्या ऐकण्यातले वाक्य दुरुस्त करायला दिले की ते लवकर पचते, असा माझा अनुभव आहे. श्रुतलेखन, जोडीने प्रकट वाचन आणि शब्दांच्या वह्या हे तुझ्याकडेही चालत असणारच, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

मला तुला मुख्यतः सांगायचे आहे ते ‘पॅसिव्ह व्हॉइस’विषयी, कारण तिथेच माझे दोन तास एकमेकांना येऊन मिळाले. आपण हा भाग ‘कर्मणी प्रयोग’ म्हणून सांगतो आणि तिथेच मुलांचा गोंधळ सुरू होतो. ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने चिंच खाल्ली’ ही वाक्ये मराठीत कर्मणीच आहेत. क्रियापद कर्माप्रमाणे बदलते, पण ‘मुलाने’ हा कर्ता वाक्याच्या आरंभी ठामपणे उभा असतो. इंग्रजीच्या त्या रचनेत मात्र कर्ता मागे जातो आणि पुष्कळदा गळूनच पडतो. हा फरक मी व्याकरणाच्या तासाला समजावून सांगितला, तेव्हा मुलांनी माना डोलावल्या. तो त्यांना खरोखर उमगला तो पुढच्या, इतिहासाच्या तासाला.

त्या दिवशी ‘छोडो भारत’ चळवळीचा धडा चालू होता. ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँक मैदानावर, म्हणजे आजच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर, ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच गांधीजींसह प्रमुख नेत्यांना पकडण्यात आले. मी फळ्यावर इंग्रजीत लिहिले, ‘द लीडर्स वेअर अरेस्टेड’, आणि या वाक्यातून कोण गायब आहे असे विचारले. ‘पोलीस’ असे उत्तर आले. पोलिसांना हुकूम कोणाचा होता? ‘इंग्रज सरकारचा.’ गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये आणि काँग्रेस कार्यकारिणीच्या अनेक सदस्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात कोणी ठेवले, हे मग मुलांनी स्वतःच कर्ता घालून लिहिले. त्यानंतर ‘९ ऑगस्टला मैदानावर तिरंगा फडकवला गेला’ हे वाक्य आले, तेव्हा मागच्या बाकावरून एक मुलगी उठून म्हणाली, ‘सर, इथे अरुणा असफ अली यांचे नाव हवे.’ नेते तुरुंगात असताना ज्या स्त्रीने तो ध्वज फडकवला, तिचे नाव एका वाक्यरचनेमुळे पुसले जाऊ शकते, हे त्या मुलीला माझ्याआधी दिसले. मला त्या क्षणी झालेला आनंद तू समजू शकशील.

तेव्हापासून प्रत्येक धड्यात मुले कर्ता शोधू लागली आहेत. ‘रविवारची सुट्टी सुरू झाली’ या वाक्यापाशी ती थांबली आणि १८९० साली गिरणी कामगारांना ती मिळवून देण्यासाठी झटलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापर्यंत पोहोचली. आमच्या शाळेतील अनेक मुलांचे आजोबा गिरणीत होते, त्यामुळे हा विषय निघाला की वर्ग घराघरांतून काही ना काही घेऊन येतो. गेल्या आठवड्यात घरच्या माणसांना विचारून दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका मुलाने लिहिले, ‘१९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडल्या.’ त्याने ते आजीला वाचून दाखवले, तेव्हा ती म्हणाली, ‘पडल्या नाहीत रे, पाडल्या.’ मुलाने दोन्ही वाक्ये वहीत लिहून आणली आणि त्यांतले कोणते खरे, असे मला विचारले.

मी त्याला उत्तर दिले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, एवढे मी सांगितले. ‘पाडल्या’ म्हणायचे तर कोणी पाडल्या हे दाखवावे लागेल आणि ‘पडल्या’ म्हणायचे तर कशामुळे पडल्या हेही दाखवावे लागेल, असे सांगून वर्गाचे दोन गट केले. आता मुले मालक, सरकार, संघटना, जुनी यंत्रे, जमिनीच्या किमती अशी एकेक शक्यता मांडून त्यापुढे पुरावा काय, असे परस्परांना विचारीत आहेत. अभ्यासक्रम थोडा मागे पडला आहे. तो मी शनिवारी जादा तास घेऊन भरून काढीन.

तुझ्या गावात गिरणी नसेल, पण धरण, बाजारपेठ, एखादा बंद पडलेला कारखाना किंवा निदान शाळेची इमारत तरी असेलच. ‘शाळा बांधली गेली’ एवढेच वाक्य मुलांना दे आणि ती काय काय शोधून आणतात, ते मला सविस्तर कळव. ती वाक्ये मी माझ्या वर्गात वाचून दाखवीन आणि आमच्या मुलांची दहा-दहा ओळींची पाने पुढच्या पत्रासोबत तुला पाठवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे.

तुझा मित्र